दूध कुणाचं

माझ्या मुलीचं नाव सुमिना. आमच्या भाषेत सुमिना म्हणजे उकिरडा. ती माझी मुलगी आहे हे मी इथे लिहिते आहे खरं, पण अजून कुणासमोर तोंडाने म्हटलेलं नाही. कागदाला कान नसतात असं धरून चालते आहे. असुआनो गावाच्या लेखी ती मेमुनाची मुलगी, आणि मी मिशनच्या शाळेतली टीचर, जिचं दूध ती प्यायली.

तिच्याआधी दोघं झाली. पहिला मुलगा आठवा दिवस उजाडायच्या आत गेला. आठ दिवसांच्या आतलं मूल पाहुणं असतं, आणि पाहुण्यासाठी रडत नाहीत. पोकुआ मावशीने मला सणाचं कापड नेसवलं, शेंगदाण्याचं सार पाजलं आणि म्हणाली, हस. मी हसले. दुसरी मुलगी रांगायला लागेपर्यंत राहिली. उंबऱ्यावर बसून कोंबड्यांना हाका मारायची. पावसाळ्यात तिला ताप चढला तेव्हा नदीवरचा पूल पाण्याखाली होता, आणि दवाखान्याची गाडी पलीकडेच अडकली होती. गाडीचा भोंगा आम्हाला अलीकडे ऐकू येत होता. तो भोंगा मला अजून मधूनच ऐकू येतो, गाडी नसतानाही.

पोकुआ मावशी माझ्या आईची थोरली बहीण. आई गेल्यापासून माझ्यावर तिचाच हुकूम चालतो. तिचं म्हणणं, ही दोन मुलं नव्हतीच. एकच आहे. येतं, चाखून बघतं आणि परत जातं. पलीकडे त्याची दुसरी आई आहे. इकडच्या आईने डोक्यावर घेतलं की तिकडचीला राहवत नाही, ती हाक मारते. तेव्हा आता येईल ते असं लपवायचं की तिला वाटावं, हे टाकलेलं आहे, कुणाचंच नाही, हाक मारण्याच्या लायकीचंही नाही.

मी अक्राजवळच्या कॉलेजात शिकलेली बाई. फळ्यावर डासाचं चित्र काढून त्याच्या पोटातला हिवतापाचा जंतू मुलांना समजावते. नवऱ्याने, अमोआतेंगने, ऐकलं तेव्हा तो हसलाच. तो उत्तरेकडे सरकारी रस्त्यांच्या कामावर असतो, सणावारी येतो. म्हणाला, तुझ्या प्रोफेसरांना कळलं तर पदवी परत मागतील. मग म्हणाला, मावशी म्हणते तसं कर. मला डासही ठाऊक होता आणि पलीकडची आईही ठाऊक होती. दोघांपैकी एकालाही खोटं ठरवून बघायची माझी हिंमत नव्हती. खोटं ठरवायला तिसरं मूलच पणाला लावावं लागलं असतं.

म्हणून आठव्या दिवशी बायकांनी माझी मुलगी फाटक्या टोपलीत घालून गावामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवली. केळीची सालं, राख, फुटकी मडकी, त्यात ती. मी दूर उभी. रडायचं नाही, वळून बघायचं नाही, ही अट. ठरल्याप्रमाणे मेमुना तिकडून आली. गावाच्या टोकाला, उत्तरेकडच्या लोकांच्या वस्तीत राहते ती. सकाळी बाजरीची पेज विकते, आलं-मिरी घातलेली, सगळं गाव तिच्याकडची पेज पिऊन कामाला लागतं. टोपलीपाशी थांबून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे कुणी टाकलंय?"

मावशी म्हणाली, "कुणी नाही. कचरा आहे."

मेमुनाने मावशीच्या हातावर चार कवड्या ठेवल्या आणि टोपली उचलली. तिच्या लोकांच्या रीतीने मुलीच्या गालांवर बारीक चिरा दिल्या, म्हणजे पलीकडचीने वाकून बघितलं तरी चेहरा ओळखू येऊ नये. मग संध्याकाळी मुलीला माझ्याकडे आणून म्हणाली, टीचर, माझ्या अंगात दूध कुठलं आता, तुम्ही पाजाल का. मी म्हटलं, पाजीन. तेवढंच माझ्या वाट्याला आलं.

आमच्यात कूळ आईकडून येतं. जिला आई नाही तिला कूळ नाही, सभेत जागा नाही, मेल्यावर रडणारं कुणी नाही. आपली मुलगी कुळाबाहेर ठेवून तिला छातीशी धरायचं, आणि धरतानाही तोंडावर असं दाखवायचं की दुसऱ्याचं वासरू पाजते आहे. शाळेच्या खिडकीतून मी मेमुनाच्या चुलीकडे बघत राहायचे. पोर तिच्या पाठीला बांधलेली असायची. मुलं पाढे म्हणायची आणि माझं लक्ष त्या गाठीकडे, सैल तर नाही ना झाली.

एक गोष्ट मात्र मी मावशीलाही सांगितली नाही. मी मनात तिला एक नाव ठेवलं होतं. खरं नाव. ते मी कधी उच्चारलं नव्हतं. पाजतानासुद्धा नाही, गाडीत ती माझ्या मांडीवर निळी पडत होती तेव्हासुद्धा नाही. ते पुढे येईल.

दवाखान्याची गाडी बाजाराच्या दिवशी येते. मोठ्या सावरीखाली थांबते. तेव्हा सिस्टर दोंको उतरायची, फांदीला दोरी टाकायची आणि तराजू टांगायची. पहिल्यांदा टांगला तेव्हा बायका पोरं घेऊन मागे सरल्या होत्या, कारण तसाच तराजू कोको विकत घेणाऱ्या दलालाकडे असतो आणि त्याने कुणाचं भलं झालेलं कुणी पाहिलेलं नाही. मावशी मोठ्याने म्हणाली होती, जा गं, वजन करून घ्या, दलाल म्हणेल माल ओला आहे, उन्हात वाळवून आणा. सिस्टर सुद्धा हसली. मग म्हणाली, माझ्याकडे उलटं आहे मावशी, ओला माल जास्त चालतो, वाळलेला आला की मला काळजी.

पण बायका तिच्या जवळ गेल्या ते त्या थट्टेमुळे नाही आणि तिच्या पांढऱ्या टोपीमुळेही नाही. त्यांनी आधी तिचे गाल पाहिले होते. दोन्ही गालांवर बारीक चिरा होत्या. आणि नाव दोंको, म्हणजे उत्तरेहून विकत आणलेला माणूस. किनाऱ्याकडची, आमच्यासारखीच बोलणारी बाई आणि नाव असं, गाल असे, म्हणजे काय ते लहान पोरीलाही कळतं. तिची आईही कधीतरी उकिरड्यापासून दूर उभी राहिली होती. "ही परत न जाता थांबलेली आहे," बायका एकमेकींना म्हणाल्या. थांबलेल्या माणसाच्या हातची गोळी लागू पडते, हे त्यांना सांगावं लागलं नाही. तिने सुई काढली की ज्यांना काही झालेलं नाही तेही बाह्या सरसावून रांगेत उभे राहायचे आणि तिने परत पाठवलं की रुसायचे.

सिस्टर नाव पुकारायची: "सुमिना." मेमुना पुढे व्हायची. मी शाळेच्या पायरीवरून बघायचे, काटा कुठे थांबतो. इतक्या लांबून आकडा दिसत नाही. सिस्टरला ते कळलं असावं, कारण पुढे पुढे ती सुमिनाचं वजन जरा जास्तच मोठ्याने सांगायला लागली. इतर पोरांचं नुसतं लिहून घ्यायची.

ती थंडीतली, धुळीच्या वाऱ्याची गोष्ट. उत्तरेचा वारा सुटला की ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात आणि गावभर खोकला होतो. सुमिना तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती. तिला आधी सर्दी झाली, मग खोकला, मग दूध ओढताना ती मधेच सोडून द्यायला लागली. बाजाराच्या दिवशी सकाळी मी तिला मेमुनाच्या हाती दिली तेव्हा तिच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती. मी मेमुनाला म्हटलं, रांगेत थांबू नका. ती म्हणाली, मी थांबणारी वाटते का तुम्हाला?

त्या दिवशी गाडीबरोबर एक गोरी डॉक्टरीण आली होती. तरुण होती, माझ्याच वयाची असेल. उन्हाने नाक सोललं होतं. गावोगावचं काम बघायला आली होती. सिस्टर सुया देण्यात गुंतलेली, म्हणून डॉक्टरीणबाईने शाळेत निरोप पाठवला की इंग्रजी येणारं कुणी असेल तर दुभाषा म्हणून पाठवा. दुसरं कोण होतं? मी खडू ठेवला आणि हात न पुसताच गेले.

मी पोचले तेव्हा सुमिना टेबलावर होती. डॉक्टरीणबाई तिच्या छातीला नळी लावून ऐकत होती. तिने फार वेळ ऐकलं. मग उठली आणि मला म्हणाली, दोन्ही फुप्फुसं भरली आहेत. इथे एक सुई देता येईल पण तेवढ्याने भागणार नाही, आत्ताच्या आत्ता शहरातल्या इस्पितळात न्यायला हवं. गाडीत औषधाच्या पेट्या आहेत, जागा एकाच माणसाला आहे. आणि इस्पितळाचा नियम, लहान मुलाबरोबर फक्त त्याची आई. मागे कुणीतरी भलत्याच बाईबरोबर मूल पाठवलं आणि पुढे तंटा झाला होता. "विचारा, हिची आई कोण?"

हे मला मेमुनाला विचारायचं होतं.

बाजार तिथेच भरलेला. यामचे कंद विकणाऱ्या, मीठ विकणाऱ्या, सुईसाठी आलेल्या, सगळ्या बायका सावरीखाली गोळा झाल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी खाली बघितलं. मी मेमुनाला विचारलं, "डॉक्टर विचारतायत, हिची आई कोण."

"मी," मेमुना म्हणाली. "सांगा त्यांना. गावासमोर विकत घेतलीय, चार कवड्या मोजून."

मी इंग्रजीत सांगितलं की ही बाई म्हणते, ती आई आहे. विकत हा शब्द मी गिळला. तो गोऱ्या माणसासमोर उच्चारला असता तर गाडी इस्पितळाऐवजी पोलीस चौकीकडे गेली असती. कारण आमच्या भाषेतलं विकत आणि त्यांच्या भाषेतलं विकत एका उकिरड्यावरचं नाही.

डॉक्टरीणबाईने मेमुनाकडे पाहिलं. तिचे रुमालाखालून डोकावणारे पिकलेले केस, सुरकुतलेला गळा, पडलेले दात. मग मला म्हणाली, रागावून नाही, थकून म्हणाली, पुन्हा विचारा. ही आजी असेल. आईला बोलवा. आई नसेल तर मी मूल कुणाबरोबर नेऊ? हे अंगावर पितं आहे अजून.

मी पुन्हा विचारलं. माझ्याच मुलीची आई कोण, असं मी माझ्या तोंडाने दोनदा विचारलं. मेमुना पुन्हा म्हणाली, मी. टेबलावर सुमिना श्वासासाठी डोकं मागे टाकत होती. ओठांची कड राखेच्या रंगाची झाली होती. माझ्या जिभेवर शब्द आला होता. "मी आहे." इंग्रजीत तर दोनच शब्द लागले असते, आणि इंग्रजी त्या बायकांत कुणाला कळत नव्हतं. पण पलीकडचीला कुठली भाषा कळत नाही हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मागून पोकुआ मावशीने माझं मनगट धरलं. तिची नखं लागली. ती कानाशी म्हणाली, "तू बोललीस की ती गेली, पोरी. बोलू नकोस."

बोलले तर जाईल. नाही बोलले तर गाडी जाईल. पूल त्या दिवशी पाण्याखाली नव्हता, रस्ता कोरडा होता, गाडी माझ्यापुढे उभी होती, आणि मी तशीच अलीकडे उभी होते.

तेव्हा सिस्टर दोंकोने सुई ताटलीत ठेवली. ती एवढा वेळ पाठ करून होती, पण तिला दोन्ही भाषा येत होत्या. मी काय गाळलं ते तिने ऐकलं होतं. ती माझ्याकडे आलीच नाही. बायकांच्या घोळक्याकडे वळून, वजन सांगायची त्याच मोठ्या आवाजात, जसं काही साबण कुणाचा राहिला असं विचारतात, तसं तिने विचारलं, "हा उकिरडा दूध कुणाचं पितो?"

मावशीची पकड सुटली.

"माझं," मी म्हटलं.

"मग चढ गाडीत. कचरा आहे, पण वाटेत भुकेला मरायला नको."

डॉक्टरीणबाईने विचारलं, काय ठरलं? सिस्टर इंग्रजीत म्हणाली, हिची आई सापडली, मॅडम. मी चमकून पाहिलं. सिस्टर पेटीचं झाकण लावत होती. तिने एवढ्या हळू आवाजात म्हटलं होतं की ते झाडालाही ऐकू गेलं नसेल.

मेमुनाने पोर माझ्या मांडीवर ठेवली, आपल्या डोक्याचा रुमाल सोडून तिच्या छातीभोवती गुंडाळला. तिला कधी बोडक्या डोक्याने पाहिलं नव्हतं मी. म्हणाली, "नीट सांभाळा हं टीचर, मालकी माझी आहे."

डॉक्टरीणबाई पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि सिस्टर मागे पेट्यांमध्ये. पत्र्याचा असा खडखडाट की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. फटींतून लाल धूळ आत येत होती. सिस्टर एका हाताने सुमिनाचं डोकं उचलून धरत होती आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा. बऱ्याच वेळाने ती माझ्या कानाशी आली. म्हणाली, "या गाडीत मला काही ऐकू येत नाही. कुणालाच येत नाही. तुला हिला काही म्हणायचं असेल तर म्हण."

मला नाव म्हणायचं होतं. छातीत ते इतके महिने ठेवलं होतं की दुधाबरोबर उतरत असेल असं वाटायचं. ती जाणारच असेल तर नाव घेऊन तरी जाऊ दे, असं एकदा वाटलं. लगेच दुसरं वाटलं, नाव घेऊनच जाईल. मी वाकले आणि म्हणाले, "उकिरड्या, श्वास घे. घाणेरडी कुठली. श्वास घे म्हणते ना."

सिस्टरने ऐकलं. ऐकू येत नव्हतं म्हणाली होती तरी ऐकलं. ती फटीतून बाहेर बघत बोलायला लागली. तिची आई केप कोस्टला मासे भाजून विकायची. आयुष्यभर तिने मुलीला दोंको म्हणूनच हाक मारली. मुलगी बोर्डिंगात गेली, नर्स झाली, तरी दोंको. कधी जवळ घेतलं नाही. शेवटच्या आजारात मात्र एकदा तिच्या तोंडाकडे बघून काहीतरी म्हणायला गेली, आणि म्हणाली नाही. "माझ्यासाठी तिच्या मनात एक नाव होतं," सिस्टर म्हणाली. "असणारच. ते मला ठाऊक नाही. आता कुणाला विचारू?"

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. रस्ता संपेपर्यंत मग ती सुमिनाचा श्वास ऐकत राहिली.

इस्पितळात लांबलचक वॉर्ड होता, दोन्हीकडे खाटा. आया आपापल्या पोरांना हाका मारायच्या, माझं सोनं, माझा राजा, माझ्या बापाचं नाव चालवणारा. मी हाक मारली नाही, कुणी विचारलं तर म्हणायचे, मी नुसती पाजते. वॉर्डातल्या बायकांनी माझं नाव पाडलं, दूधवाली. एक म्हणाली, दुसऱ्याच्या पोरासाठी एवढी झिजतेस, तुझ्या पोटचं असतं तर काय केलं असतंस गं? मी म्हटलं, हेच.

सुया टोचत राहिल्या. ताप उतरला, चढला, उतरला. मेमुना कोकोच्या ट्रकवर बसून आली, पेजेचं मडकं मांडीवर धरून, अर्धी पेज वाटेत सांडलेली. तिला आत सोडत नव्हते, ती व्हरांड्यात बसून राहिली. सुमिना पहिल्यांदा भानावर आली तेव्हा दारातून मेमुनाचा आवाज आला आणि तिने माझ्या मांडीवरून तिकडे हात पसरले. मी उठून तिला दाराशी नेली आणि दिली.

आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. मेमुना म्हणाली, "विकत घेतलं म्हणून काय झालं, टीचर? मडकं विकत घेतलं तरी जीव गुंततो." मग हळूच म्हणाली, तिच्या आईला आमच्याच गावाने विकत आणलं होतं, कोण्या जुन्या काळी. असं कुणी बोलत नाही आमच्याकडे. माणूस कुठून आला ते काढायचं नाही, तसा कायदाच आहे. पण तिची ती बोलली. "माझ्या आईला तुम्ही घेतलं, तुमचं एक पोर मी घेतलं. फिटलं." आणि बोळक्या तोंडाने इतकी हसली की वॉर्डातली सिस्टर बाहेर येऊन रागावली.

गावात परतलो तेव्हा सावरीखाली बायका थांबल्या होत्या. मी गाडीतून उतरले, सुमिनाला सगळ्यांदेखत मेमुनाच्या पाठीवर ठेवलं आणि म्हटलं, घ्या तुमचा कचरा, माझी पाठ मोडली. मावशीने समाधानाने मान हलवली. माझे हात कितीतरी वेळ तसेच वाकलेले राहिले होते, पोराच्या आकाराचे.

पावसाळ्यानंतर सिस्टर दोंको एकदा आली ती पेट्या मोजून द्यायला. तिची बदली झाली होती, उत्तरेकडे, नदीपलीकडच्या मुलखात. तिथे नदीवरच्या माश्या चावून लोकांचे डोळे जातात म्हणतात. बायकांनी तिला अंडी दिली, याम दिले, एकीने कोंबडा दिला. ती तराजू उतरवत असताना मी जवळ गेले. दोरी सोडवायला मदत करते असं दाखवलं. तिचे गाल माझ्या अगदी जवळ होते. तिच्या आईने ज्या गालांना कधी हात लावला नव्हता ते गाल.

मी तिला म्हटलं, मला काही झालं तर एक गोष्ट हरवेल. ती तुझ्याकडे ठेवू का? तू थांबलेली आहेस. तुझ्याकडे कुणी शोधायला येणार नाही.

तिने मला आधी नीट पाहिलं. मग कान पुढे केला.

मी नाव सांगितलं. पहिल्यांदाच ते माझ्या तोंडातून बाहेर आलं, आणि मला वाटलं होतं तसा आवाज नव्हता त्याचा. लहान होतं. तिने पुन्हा उच्चारलं नाही. फक्त विचारलं, "शेवटचं अक्षर लांब की आखूड?" औषधाचं प्रमाण विचारतात तसं. मी म्हटलं, लांब. तिने मान हलवली, तराजू कापडात गुंडाळला आणि पुढची पेटी उचलली. भोंगा वाजला. धूळ बसेपर्यंत मी सावरीखाली उभी होते.

आता दुसरी सिस्टर येते. चांगली आहे, पण वजन हळू सांगते. सुमिना चालते, पळते, शिव्याही देते. मेमुनाला ना म्हणते, म्हणजे आई. मला बाकीच्या पोरांसारखी टीचर म्हणते. मावशीला विचारलं, कधीपर्यंत? ती म्हणते, पलीकडची तिचा चेहरा विसरेपर्यंत. ते कधी, हे ती सांगत नाही, आणि मी विचारून विचारून पलीकडचीला आठवण करून देत नाही.

उत्तरेहून अमोआतेंगच्या रस्त्याचे मजूर येतात. मी त्यांना विचारते, तिकडे गालांवर चिरा असलेली, पांढऱ्या टोपीची एक सिस्टर आहे का. ते हसतात. तिकडे सगळ्यांच्याच गालांवर चिरा असतात, म्हणतात. म्हणजे ती तिथे कुणालाही ओळखू येणार नाही, आणि तिच्याजवळ ठेवलेलं नावही नाही. बरं आहे. तरी मी पुढच्या मजुराला पुन्हा विचारते.

दुपारी शाळेच्या खिडकीशी दोन बोटं दिसतात, मग केस, मग गाल. ती चौकटीला लटकते आणि म्हणते, "टीचर, टीचर, मला आत घे."

मुलं पाढे थांबवून माझ्याकडे बघतात. मी फळ्याकडे वळते आणि म्हणते, कुणीतरी त्या उकिरड्याला आत घ्या रे.